राजीनामा घेतला, रोग पुढे धाडला!

शस्त्रक्रियेनंतर तळमळणाऱ्या रुग्णाच्या कागदावर ‘फेंटानिल (तीव्र वेदनाशामक) दिले’ अशी नोंद असते आणि त्याच्या शिरेत गेलेले असते नुसते सलाईन! तो विव्हळतो, तेव्हा ‘किती नाजूक आहात हो’ म्हणून त्यालाच गप्प केले जाते. त्याच्या वाट्याचे औषध त्याच वॉर्डातल्या कुणाच्या तरी अंगात भिनलेले असते. असा दाट संशय असूनही जी सहकारी मान खाली घालून रजिस्टरवर सही ठोकते, ती मैत्री निभावत नाही. ती त्या रुग्णाच्या छळात भागीदार होते.

या मौनाची किंमत किती असते, हे अमेरिकेतल्या डेव्हिड क्वियाटकोव्स्की प्रकरणाने दाखवून दिले आहे. हा परिचारक नव्हता, कॅथलॅबमधला तंत्रज्ञ होता. पण औषधाच्या कपाटाजवळ वावरणाऱ्या प्रत्येकाने त्याची कहाणी वाचावी. २००८ साली पिट्सबर्गच्या रुग्णालयात तो फेंटानिलची सिरिंज कपड्यांत लपवताना सहकाऱ्याला दिसला. त्या सहकाऱ्याने आपले कर्तव्य केले. रुग्णालयाने काय केले? त्याला काढून टाकले आणि पोलिसांना कळवलेच नाही! तो दुसऱ्या राज्यात कामाला लागला. २०१० मध्ये ॲरिझोनातल्या रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात तो बेशुद्ध सापडला. तिथूनही हकालपट्टी झाली आणि पुन्हा नवी नोकरी मिळाली! चोरलेल्या सिरिंजने स्वतःला टोचायचे, तीच सलाईनने भरून परत ठेवायची, हा त्याचा क्रम. आणि त्याला हेपटायटिस सी झालेला होता. न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटर रुग्णालयातल्या ३२ रुग्णांना त्याच्यापासून हा आजार जडला. इतर राज्यांतले बळी वेगळेच. २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. पण ज्यांनी आपल्या संस्थेची अब्रू झाकण्यासाठी हा धोका दुसऱ्या राज्यात ढकलला, त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला शिक्षा कोण देणार?

आमच्या रुग्णालयांनी ‘ही परदेशाची गोष्ट’ म्हणून हात झटकू नयेत. फेंटानिल, मॉर्फिन, पेंटाझोसिन, केटामिन, मिडाझोलाम ही औषधे आपल्याही शस्त्रक्रियागृहांत आणि अतिदक्षता विभागांत रोज वापरली जातात. नियम म्हणतो, दुहेरी कुलूप. उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकायचे. रिकामे अँप्युल परत करायचे. आणि व्यवहार? रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकच सिस्टर. साक्षीदार आणायचा कुठून? मग सकाळी ‘अगं, तेवढी सही करून टाक’ म्हटले जाते आणि न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष कागदावर उमटते. चोरीची पहिली वाट ही खोटी सही मोकळी करते, आणि ती करायला भाग पाडते अपुऱ्या माणसांवर पाळी रेटणारे व्यवस्थापन!

खुणा दिसत नाहीत असे नाही. एकाच पाळीत वारंवार ‘फुटणारे’ अँप्युल, दुसऱ्याच्या रुग्णाला वेदनाशामक द्यायची अनाकलनीय तत्परता, सुट्टीच्या दिवशीही वॉर्डातली फेरी, औषध देऊनही न शमणाऱ्या वेदना. यातली एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही ठणकावून सांगतो. कुजबुजीवरून कुणाला आयुष्यातून उठवणे हेही पापच. म्हणून चौकशी रजिस्टरपासून सुरू व्हावी: डॉक्टरांनी लिहिलेला डोस, फार्मसीतून निघालेले औषध आणि रुग्णाला दिल्याची नोंद यांचा मेळ वॉर्डाबाहेरच्या माणसाने घालावा. आणि तपास सगळ्यांचा व्हावा. भूलतज्ज्ञ मोठे, म्हणून त्यांना वगळायचे आणि कंत्राटी सिस्टर गरीब, म्हणून तिला धरायचे, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा न्याय आम्हाला मंजूर नाही!

‘पकडली गेली तर तिच्या पोराबाळांचे काय होईल?’ हा प्रश्न करुणेतून येतो. पण व्यसन हा आजार आहे, आणि आजार लपवणे म्हणजे आजाऱ्याला मरणाकडे ढकलणे. चोरून घेतलेल्या फेंटानिलच्या एका चुकलेल्या मात्रेने श्वास थांबतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही ६४-अ हे कलम आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्या गुन्ह्यापुरते त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. ही वाट सांगायची सोडून आपण अळीमिळी गुपचिळी करतो! रुग्णाच्या औषधात भेसळ करणाऱ्यासाठी मात्र कायद्याचा पूर्ण बडगाच हवा.

आणि यावर उपाय म्हणून मॉर्फिनच ठेवायचे बंद करणार असाल, तर खबरदार! १९८५ च्या कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी हे औषध दूर सारले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनेत गेले. ती चूक सुधारायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. चोराच्या भीतीने रुग्णाला उपाशी ठेवू नका.

प्रत्येक रात्रपाळीला खरा साक्षीदार द्या. प्रत्येक पाळी बदलताना अँप्युल मोजा. संशयिताला त्याच क्षणी औषधांपासून दूर करा, पण एकटे सोडू नका. त्या घडीला जिवाचे बरेवाईट होण्याचा धोका असतो. ज्या रुग्णांना संसर्ग झाल्याची शंका आहे, त्यांना बोलावून तपासा. गुपचूप राजीनामा आणि वर चांगल्या वर्तणुकीचे अनुभव प्रमाणपत्र, हा सौदा कायमचा बंद करा. सिस्टरांनो, संशय आला त्याच पाळीत, पाहिले तेवढेच, तारीख-वेळेसह लेखी कळवा. आणि असे कळवणाऱ्या सिस्टरची बदली करणाऱ्या, तिला छळणाऱ्या रुग्णालयाची नोंदणी रद्द होईल, असा नियम शासनाने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात करावा!