ठराव नसलेला ठरावधारक

कोल्हापूर जिल्ह्यात ठरावधारक म्हणजे कोण, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत गावच्या संस्थेच्या वतीने एकच माणूस मत देतो व त्याच्या नावाचा ठराव संस्थेने केलेला असतो. निवडणूक जवळ आली की त्याचा भाव वधारतो, त्याला सहलीवर नेले जाते, हेही सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीतला मतदार हाही एक ठरावधारकच. जिल्ह्यात असे दहा आमदार; प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५. राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येस २८८ ने व नंतर हजाराने भागून हा आकडा निघतो. म्हणजे एका मतपत्रिकेमागे त्या काळच्या हिशेबाने पावणेदोन लाख माणसे उभी असतात. मात्र या ठरावधारकाच्या खिशात ठराव नसतो. विधानसभेच्या प्रचारात, बिंदू चौकातल्या सभेत, राष्ट्रपती म्हणून आपण कोणाला पसंती देणार, हे त्याला कोणी विचारलेले नसते. मतदान गुप्त असते व पक्षादेशही बजावता येत नाही. उरते ती सद्सद्विवेकबुद्धी.

या बुद्धीचा उदोउदो सर्वाधिक झाला तो १९६९ मध्ये. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, पंतप्रधानांचे पाठबळ लाभलेले अपक्ष वराहगिरी वेंकटगिरी आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी उभे केलेले चिंतामणराव देशमुख. मराठी आमदारापुढचा पेच खरोखर कठीण होता. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलेले. शिवाय स्टेट बँकेची स्थापना आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण ही दोन्ही कामे त्यांच्याच कारकिर्दीतली. असा माणूस उभा राहिला तो स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर, म्हणजे राष्ट्रीयीकरणाच्या तत्त्वालाच विरोध करणाऱ्यांच्या पाठिंब्यावर! उलटपक्षी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या १९ जुलैच्या वटहुकुमावर हंगामी राष्ट्रपती म्हणून सही केली ती गिरी यांनी, आणि दुसऱ्याच दिवशी पद सोडून ते निवडणुकीस उभे राहिले. माणूस पाहावा की त्याच्या मागे उभी राहिलेली शक्ती पाहावी?

मोजणीने या प्रश्नाची धार दाखवून दिली. पहिल्या पसंतीची मते गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोणासही निर्णायक बहुमत नाही. मग देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली. तिचा मोठा ओघ रेड्डींकडे वळला, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते विजयी झाले. मराठीपणाच्या अभिमानाने देशमुखांपुढे १ लिहून जो थांबला, त्याने खरी निवड इतरांवर सोपवली, असेच म्हटले पाहिजे. बँकांचा प्रश्न ऐरणीवर असताना समाजवाद्याने गिरींकडे झुकणे समर्थनीय होते. (अंतरात्म्याचा तो आवाज काही जणांना दिल्लीहून ट्रंककॉलने ऐकू आला असेल, ही गोष्ट निराळी.)

तथापि कार्यक्रम पाहून मत देणे पुरेसे नाही, हे पुढच्याच खेपेस कळून आले. १९७४ मध्ये सत्ताधारी पक्षाचे उमेदवार फक्रुद्दीन अली अहमद होते. त्यांच्याविरुद्ध त्रिदिब चौधुरी, गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांचा तुरुंगवास भोगलेले क्रांतिकारी समाजवादी पक्षाचे नेते. अहमद यांना ७,६५,५८७ मते पडली, चौधुरींना १,८९,१९६. पराभव ठरलेलाच होता, म्हणून चौधुरींना दिलेले मत वाया गेले असे हिशेबी लोक म्हणाले असतील. दहा महिन्यांनी, २५ जून १९७५ च्या रात्री, आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाची बैठक भरली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ही सही करणाऱ्या हाताला बळ देणारे साडेसात लाखांहून अधिक मतमूल्य होते, आणि त्यात महाराष्ट्राच्याही मतपत्रिका होत्या.

पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला, तसेच सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतीस दिला. के. आर. नारायणन यांनी तो वापरला: १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लादण्याची शिफारस त्यांनी परत केली. नारायणन दलित होते, याचे मोल आहेच. पण ती कागदपत्रे परत गेली ती त्यांच्या जन्मामुळे नव्हे.

२००७ मध्ये शिवसेनेने आघाडी बाजूस सारून प्रतिभाताई पाटील यांना मते दिली ती मराठी म्हणून. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांच्या बाजूने हेच तर्कशास्त्र आदिवासी स्त्रीच्या नावाने मांडले गेले. संथाळ स्त्री राष्ट्रपतिभवनात जाते, ही लहान घटना नव्हे, आणि समोरचे यशवंत सिन्हा हे वाजपेयी मंत्रिमंडळातले अर्थमंत्री. त्यांच्यासाठी उत्साह वाटावा असे समाजवाद्याजवळ फारसे काही नव्हते. परंतु वनसंवर्धन कायद्यातील दुरुस्तीस आदिवासी हक्कांसाठी लढणाऱ्यांनी विरोध केला असताना २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीने कायदा झाले. फेरविचारार्थ परत पाठविण्याची वाट घटनेने विधेयकासही मोकळी ठेवलेली आहे.

मुर्मू यांची मुदत २०२७ च्या जुलैत संपते. २०२४ मध्ये निवडून आलेले आमदारच त्यावेळी मतदार असतील. पक्षाच्या तालुका शाखांनी तोवर थांबू नये. आपापल्या आमदारास गाठून, आपल्या उमेदवाराने कोणता कागद परत पाठवावा अशी आपली अपेक्षा आहे, हे उघड सभेत विचारावे. शिरोळ, कागल, भुदरगडच्या ग्रामसभांनी त्याबाबत ठराव करून त्याची प्रत त्याच्या हाती ठेवावी.