मैदानावरचा दादा आणि कायदा



आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास मैदानावर शिट्टी वाजत असे. कारखान्यातील पहिली पाळी संपवून, घरी कपभर चहा घेऊन एक दादा तेथे यायचा आणि पंचवीस-तीस पोरांना कबड्डी शिकवायचा. त्याला पगार नाही, मानधन नाही. उलट आखणीचा चुना आणि पोरांची केळी त्याच्याच खिशातून यायची. एके दिवशी सरावात चौदा वर्षांच्या एका मुलाचे मनगट मोडले. प्लास्टर, औषधे, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुलाची आई चार घरची धुणीभांडी करणारी, तिचे खाडे झाले. रागाच्या भरात मुलाचे वडील म्हणाले, "दादा, पोर तुमच्या हवाली केलं होतं. आता भरून कोण देणार? पोलिसांत जाऊ का?"

पोलिसांत कोणी गेले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शिट्टी वाजली नाही. दादाच्या घरच्यांनी त्याला बजावले होते, "फुकटची सेवा आणि वर कोर्टाची पायरी! आपल्याला परवडायचं नाही."

आम्ही दोन्ही घरी जाऊन बसलो. वडिलांचा संताप समजण्यासारखा होता आणि दादाची भीतीही खोटी नव्हती. मात्र कायदा काय म्हणतो हे दोघांनाही ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. जे समजून घेतले ते येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट ही की, विनामोबदला खेळ शिकविणाऱ्या कार्यकर्त्याला संरक्षण देणारा वेगळा कायदा आपल्या देशात नाही. काहींना वाटते की 'मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही' असा कायदा झाला आहे. तो झाला आहे, पण रस्त्यावरील अपघातापुरता. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली त्याबाबतच्या सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मैदानावरील दुखापतीला ते लागू पडत नाही.

म्हणजे दादा उघड्यावर पडला काय? तसेही नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्या कलम १८ प्रमाणे, कायदेशीर काम कायदेशीर रीतीने आणि योग्य ती काळजी व खबरदारी घेऊन करीत असता, मनात वाईट हेतू नसता, निव्वळ अपघाताने काही घडले तर तो गुन्हा होत नाही. कबड्डी शिकविणे हे कायदेशीर कामच आहे. पण 'काळजी व खबरदारी' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. सगळे संरक्षण त्यांच्यावरच उभे आहे.

काळजी घेतली नाही आणि हयगयीमुळे कोणाचा जीव गेला, तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पूर्वी ही मर्यादा दोन वर्षांची होती. हयगयीने जबर दुखापत झाली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि हाड मोडणे ही कायद्याने जबर दुखापतच धरली जाते. असे गुन्हे जामीनपात्र आहेत, तेव्हा घाबरून पळून जाण्याचे कारण नाही. पण मैदानात काचा पडल्या आहेत हे दिसत असून खेळ लावणे, चक्कर येणाऱ्या मुलाला दरडावून पुन्हा चढाईस पाठविणे, याला कोणी अपघात म्हणणार नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. नुकसानभरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात होतो आणि तेथे मंडळ नोंदलेले आहे की नाही याला फार महत्त्व येते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे, संस्थेच्या वतीने ज्या पदाधिकाऱ्यावर दावा झाला, त्याच्या घरादारावर किंवा त्याच्या अंगावर हुकूमनाम्याची बजावणी करता येत नाही. ती संस्थेच्या मालमत्तेवरच होते. नोंदणी नसलेल्या मंडळाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्वच नसते. मग दावा येतो तो अध्यक्ष, सचिव, दादा अशा माणसांच्या नावावर. आमच्या वस्त्यांतील कितीतरी मंडळे पावतीपुस्तक आणि फलकावरच चालली आहेत. मात्र येथेही एक मर्यादा आहे. ज्याच्या स्वतःच्या हातून हयगय झाली, त्याला नोंदणीच्या आड लपता येत नाही.

अनेक मंडळे पालकांकडून 'काही झाल्यास मंडळ जबाबदार नाही' असे लिहून घेतात. त्या कागदावर फार विसंबू नये. खेळात लागायचेच, इतका धोका पालकांना मान्य होता एवढे त्यावरून दिसेल, पण हयगय त्याने धुऊन निघत नाही. त्यापेक्षा मुलाला फिट येते का, दमा आहे का, रक्तगट कोणता आणि तातडीने कोणाला कळवायचे, हे लिहून घेतलेले अधिक कामाला येते.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे देण्यासारखे आहे. तेथील न्यू जर्सी राज्याने १९८६ साली मुलांना विनावेतन खेळ शिकविणाऱ्यांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा केला. पण अट घातली की, शिकविणाऱ्याने सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. १९९७ साली सर्व अमेरिकेसाठी स्वयंसेवक संरक्षण कायदा झाला. त्यातही घोर हयगयीला माफी नाही, वाहन चालविताना झालेल्या नुकसानीला संरक्षण नाही आणि संस्थेची जबाबदारी कायम आहे. म्हणजे जेथे असे कायदे झाले, तेथेही काळजी न घेणाऱ्याला सूट मिळालेली नाही. आपल्याकडे असा कायदा व्हावा ही मागणी आपण जरूर करावी. पण तोवर हातावर हात ठेवून बसू नये.

मग मंडळांनी काय करावे? आमच्या समजुतीप्रमाणे एवढे तरी करावे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन नोंदणीचे काम हाती घ्यावे. अमुक दादा मंडळाच्या वतीने शिकवितो, असा ठराव इतिवृत्तात लिहावा. खेळाआधी मैदानातील खडे, काचा वेचाव्यात, वय आणि वजन पाहूनच जोड्या लावाव्यात, प्रथमोपचार पेटी भरलेली ठेवावी. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या मुलाला चौघांनी उचलून पळवू नये, रुग्णवाहिका येईतो हलवू नये. आणि हे सारे रोजच्या रोज एका वहीत तारखेसह लिहावे. उद्या कोणी विचारले, "काळजी घेतली होती का?", तर ती वही बोलेल.

विम्याचाही विचार व्हावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. दादाने आणि मोठ्या खेळाडूंनी ते घ्यावेच. औषधपाण्याचा खर्च मात्र त्यात मिळत नाही आणि लहान मुले त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी मंडळाने सामूहिक अपघात विम्याची चौकशी विमा कंपनीकडे करावी.

एवढे करूनही प्रकरण कोर्टात गेलेच, तर वकिलाच्या फीपायी कोणी दागिने गहाण टाकू नयेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना, मुलांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, हे अर्ज करताना विसरू नये. जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

आमच्या वस्तीचे सांगायचे तर त्या रविवारी बैठक झाली. मुलाच्या उपचारासाठी घरटी वर्गणी निघाली. सात नावे नोंदणीच्या अर्जावर आली आणि त्यात एक नाव त्या मुलाच्या वडिलांचे आहे. वही ठेवण्याचे काम मुलाच्या आईने मागून घेतले. ती म्हणाली, "मी सातवीपर्यंत शिकले आहे, तेवढं लिहिता येतं मला."

दादा सोमवारी आला. शिट्टी वाजविण्याआधी त्याने पोरांना ओळीत उभे केले आणि सगळ्यांकडून मैदानातील खडे वेचून घेतले.