ठिगळाची लाज कसली?

पुढच्या वेळी कॉलेजच्या पार्किंगमधून गाडी काढताना आजूबाजूला जरा नजर टाका. मॅट ब्लॅक, आर्मी ग्रीन, कार्बन फायबरचा भास देणारी टाकी, सगळं काही मिळेल. रॅप केला त्या दिवशी स्टोरीला झळकलेल्या गाड्या त्याच, पण आज कुणाच्या टाकीवरची कड उचकटलेली, कुणाच्या साइड पॅनेलवर शेजारच्या हँडलने पाडलेली लांबलचक चीर, कुणाच्या मडगार्डवर फुगे.

अशा फाटक्या रॅपचं आपण दोनपैकी एकच काहीतरी करतो. एक तर त्यावर मोठं स्टिकर मारून मोकळे होतो, नाहीतर कंटाळून सगळा रॅप सोलून नवा टाकतो. पहिल्यात लपवाछपवी आहे, दुसऱ्यात उधळपट्टी. दुरुस्ती हा तिसरा रस्ता आहे आणि तो आपल्या डोक्यातच येत नाही, कारण ठिगळ दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की दिसू दे!

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. रॅप म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म आणि तिच्या मागे दाबल्यावर चिकटणारा गोंद. चांगली ‘कास्ट’ फिल्म साधारण ५० मायक्रॉन जाडीची, म्हणजे जवळपास केसाएवढी. स्वस्तातली ‘कॅलेंडर्ड’ फिल्म जाड असते, पण रोलरमधून ताणून काढलेली असल्याने ती काळानुसार आकसते आणि वळणावर आधी सुटते. त्यामुळे रेडियमवाल्याला रंग विचारण्याआधी ‘कास्ट की कॅलेंडर्ड?’ हे विचारा. आणि ओरखडा उन्हात आपोआप भरून येईल या भ्रमात राहू नका. तो गुण पीपीएफचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या जाड, पारदर्शक फिल्मचा. विनाइलला ते जमत नाही.

आता बिघाड. सगळ्यात सोपा बिघाड म्हणजे उचकटलेली कड. विनाइल ताणून बसवलं, की ते पुन्हा मूळ आकारात जायला बघतं. बसवल्यावर त्याला साधारण ९० अंश सेल्सिअसच्या वर गरम केलं, की ही ओढ मरते. घाईत ही पायरी गाळली, की कड उठते. दुरुस्तीसाठी आधी आतली धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, फिल्म गरम करून बोटाने किंवा मऊ पट्टीने दाबत न्या. घरच्या हेअर ड्रायरने कड तात्पुरती बसेल. पक्की करायला हीट गन लागते, ते काम दुकानातच करा. फेव्हिक्विकला मात्र हात लावू नका. तो वाळून कडक होतो, आणि नंतर फिल्म काढताना खालचा रंगही सोलून आणू शकतो.

फुग्यांचं फार टेन्शन घेऊ नका. नव्या रॅपमधले बारीक फुगे एक-दोन आठवड्यांत बहुतेक वेळा आपोआप बसतात. मोठा फुगा असेल तर त्याच्या कडेला बारीक सुईने एकच भोक पाडायचं आणि हवा हळूहळू त्या दिशेने ढकलायची.

फाटलेला भाग मात्र परत जोडला जात नाही, तिथे ठिगळच लागतं. फाटक्या कडा कापून साफ करायच्या आणि त्याच फिल्मचा थोडा मोठा तुकडा वरून लावायचा. तुकड्याचे कोपरे गोल ठेवायचे, कारण टोकदार कोपरा सगळ्यात आधी उठतो. वरचा तुकडा खालच्यावर यावा, कौलं रचतात तसा, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यात न शिरता वरून ओघळेल. कुणी तुमच्या टाकीवर थेट कटर चालवायला लागलं, तर थांबवा. केसाएवढ्या फिल्मखाली तुमच्या गाडीचा मूळ रंग आहे आणि ब्लेडला तो कळत नाही. आत दोरा असलेली एक टेप मिळते. ती आधी खाली लावायची, वर फिल्म बसवायची आणि दोरा ओढून फिल्म कापायची. ती आहे का, हे विचारायला लाजू नका.

रंग तंतोतंत जुळेल का? बहुधा नाही. तुमचा रॅप उन्हाने फिका पडलाय, नवा तुकडा कोरा आहे. म्हणून शक्य असेल तिथे अख्खं एक पॅनेल बदला. दोन छटांचा फरक पॅनेलच्या सांध्यावर कमी खुपतो. आणि रॅप करतानाच उरलेला तुकडा मागून घ्या. गाडी तुमची, पैसे तुमचे, तुकडाही तुमचाच.

आता त्या मोठ्या स्टिकरबद्दल. ते मला का खटकतं? फाटलेल्या रॅपमधून पाणी आत जातं. साइड पॅनेल सहसा प्लॅस्टिकचं असतं, तिथली चीर चार दिवस थांबली तरी चालेल. पण बहुतेक बाइकची टाकी पोलादी असते. ज्या धडकेने रॅप फाटला, तिनेच खालचा रंगही खरवडला असेल, तर भर पावसाळ्यात तुम्ही ओल आत कोंडून वरून झाकण लावलं. आत गंज चढतोय आणि बाहेर वाघाचं चित्र. वरून कीर्तन, आतून तमाशा, तो हाच. म्हणून आधी फिल्म बाजूला करून खाली बघा. गंज असेल तर तो घासून काढा, रंगाचं काम करून घ्या, तो रंग पूर्ण पक्का होऊ द्या आणि मगच ठिगळ लावा.

हे फक्त स्वतःच्या गाडीपुरतं नाही. आपल्यातले कितीतरी जण पहिली गाडी सेकंड हॅण्डच घेतात. विकणारा ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून रॅपखाली चेपलेली टाकी दडवत असेल, तर भुर्दंड पडतो तो पुढच्या पोराला. त्यामुळे घेताना रॅपखाली काय आहे ते विचारा आणि विकताना न विचारताही सांगा. आरसीवर रंग लिहिलेला असतो, तोही ताडून बघा. पूर्ण गाडीचा रंग बदलला असेल तर त्याची नोंद आरटीओकडे व्हायला हवी.

‘त्यापेक्षा सगळंच नवीन करू ना,’ असं म्हणणारे दोस्त असतातच. चांगल्या अवस्थेतली चार पॅनेलं एका चिरेसाठी सोलायची, तर ती जातात कुठे? गोंद लागलेलं पीव्हीसी भंगारवालाही सहसा घेत नाही. ते जाळलं तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो, कारण पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीनच असतं. शिवाय पैसे! बिल आई-बाबा भरत असतील तर हा मुद्दा जरा जास्तच मनावर घ्या. अर्थात फिल्म जागोजागी तडकली असेल, हात लावताच तुकडे पडत असतील, तर ठिगळं लावण्यात अर्थ नाही. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार? तेव्हा काढाच. जितका उशीर कराल तितका ती काढायचा त्रास वाढेल.

पण एका पॅनेलवर एक चीर, एवढंच असेल तर ते आभाळ नाही. फाटलेल्या जीन्स आपण मुद्दाम विकत घेतो, मग नीट बसवलेल्या ठिगळाची लाज का वाटावी? या रविवारी गाडी धुवाल तेव्हा प्रेशर वॉशरचा फवारा कडांपासून लांब ठेवा, टाकीवर सांडलेलं पेट्रोल तिथल्या तिथे पुसायची सवय लावा आणि ते जुनं स्टिकर उचलून खाली एकदा बघाच. बघून झालं की गाडी पुन्हा झाकू नका, दुरुस्तीला टाका.