आधी वाटाणा

परवा गॅलरीतल्या कुंडीत वाटाण्याला कोंब फुटला आणि दादासाहेब फाळके आठवले. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण सिनेमाला पैसा कोण लावणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोप वाढताना थोडंथोडं टिपलं आणि ती इवलीशी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. आधी धीर येतो, मग हात चालतो, हे मला साफ अमान्य आहे. हात चालला की धीर मागून येतो. सिनेमातल्या राणी तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तर हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंकेंना लुगडं नेसवलं! आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? दागिने देऊन त्या थांबल्या नाहीत. कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं किचकट कामही त्यांनीच अंगावर घेतलं.