कऱ्हेच्या काठाने, दोन चाकांवर

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे थेम्स नदी लंडनमधून वाहते हे मला तिसरीपासून पाठ होतं. पण आपली कऱ्हा कुठून वाहते हे कळायला विसावं वर्ष उजाडावं लागलं!

माझे आजोबा मूळचे सासवडचे. पुण्यात शिकत असताना दर शनिवारी ते सायकलवरून दिवे घाट चढून घरी जायचे. दिवाळीच्या सुट्टीत हा किस्सा ऐकला आणि हॉस्टेलवर येताच मी जाहीर केलं, "रविवारी सासवड, सायकलने!"

"वेड लागलंय का? सबमिशन कोण करणार?" असं म्हणत म्हणत आम्ही चौघी निघालोच.

धायरीतून उजाडता उजाडता निघालो. कात्रज, कोंढवा, मग बोपदेव घाट. खरं सांगते, घाटापेक्षा जास्त घाम नवले पुलाजवळ फुटला. एक डंपर इतका खेटून गेला की मैत्रीण सायकलसकट कडेला आडवी झाली. खरचटण्यावर निभावलं. घाटात निम्मं अंतर आम्ही सायकली ढकलत चाललो, हे मात्र आजोबांना सांगू नका!

घाट उतरला की कऱ्हेचं खोरं लागतं. समोर पुरंदर किल्ला, जिथे १६६५ चा तह झाला. सासवडला सोपानदेवांची समाधी आणि कऱ्हा-चांबळीच्या संगमावरचं संगमेश्वराचं देऊळ. आचार्य अत्रे याच भागातले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'कऱ्हेचे पाणी' का, हे संगमाच्या पायऱ्यांवर बसल्यावर कळलं. तिथून सतरा-अठरा किलोमीटरवर खंडोबाची जेजुरी आणि पुढे तेवढ्याच अंतरावर, पुन्हा कऱ्हेच्याच काठी, मोरगावचा मयूरेश्वर. एक नदी, तीन गावं, आणि सासवडपासून जेमतेम ३५ किलोमीटर! आमचे पाय जेजुरीलाच बोलले, सायकली टेम्पोत टाकून परत आलो. मोरगाव राहिलंय.

रात्री आजोबांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "रस्त्याला गाड्या फार का गं?"

मला लिहायचंय ते इथूनच. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना असा ३०० किलोमीटरहून लांब सायकलमार्ग आहे. जगभरातून लोक तिथे येतात. आपल्याकडे नदी आहे, इतिहास आहे, पण सायकलवाल्याला रस्त्यावर जागाच नाही.

आणि गंमत म्हणजे जागा निघू शकते! सासवड-जेजुरी हा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग. ८ नोव्हेंबर २०२१ ला त्याच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हाच दोन्ही बाजूंना पालखीसाठी वेगळी पायवाट ठरली होती. वारीच्या दिवसांत ती वारकऱ्यांचीच, त्यात वाद नाही. पण उरलेल्या अकरा महिन्यांत तिच्यावर सायकली का चालू नयेत? सायकल ना धूर करते, ना भोंगा वाजवते. नाहीतर रिकामी पायवाट म्हणजे पार्किंग आणि टपऱ्या, हे आपण धायरी फाट्यावर रोज बघतोच.

कोणी म्हणेल, हे सरकारने बघावं. पण मित्रहो, आपण इंजिनिअर होणार ना? पायवाट कुठे तुटते, कुठे खांब आडवा येतो, पाण्याची सोय आणि पाट्या कुठे हव्यात, याचा सर्व्हे सिव्हिलच्या फायनल इयरला प्रोजेक्ट म्हणून सहज देता येईल. दर वर्षी तेच ते जुने प्रोजेक्ट झेरॉक्स करण्यापेक्षा हे बरं! सरांनी मनावर घ्यावं, ही नम्र विनंती.

तोपर्यंत निदान नदी तरी बघून या. बाईकवरून नको, सायकलवरूनच. बाईकवर मी दोनदा जेजुरीला गेले होते, आणि वाटेत नदी आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं!