गोल मोजले, जुगार कोणी मोजला?

शनिवारी संध्याकाळी आपल्या घरोघरी इंग्लंडचा फुटबॉल पाहिला जातो. कोणता खेळाडू कोठून आला, त्याने किती गोल केले, तो किती पौंडांना विकला गेला, हे सारे आपल्या मुलांना तोंडपाठ असते.

अशीच एक कारकीर्द पाहू. भारतीय वंशाच्या पित्याचा पुत्र मायकल चोप्रा १९८३ साली न्यूकॅसल येथे जन्मला. २००६ मध्ये कार्डिफ सिटीने त्याला सुमारे ५ लाख पौंडांना घेतले. हा संघ वेल्सच्या राजधानीचा, पण खेळतो इंग्लंडच्या लीगमध्ये. पहिल्याच मोसमात चोप्राने २२ गोल केले आणि २००७ मध्ये संडरलंडने त्याच्यासाठी सुमारे ५० लाख पौंड मोजले. एका वर्षात दसपट किंमत! आपल्या वंशाचा मुलगा म्हणून आम्हालाही अभिमान वाटला.

परंतु एक हिशेब या आकड्यांत नव्हता. तरुणपणीच लागलेल्या जुगाराच्या नादात लाखो पौंड गेले, हे पुढे त्याने स्वतःच उघडपणे सांगितले. २०११ मध्ये त्याला उपचार घ्यावे लागले, तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता.

फुटबॉलवर पैसे लावण्याची सोय आपल्या मॉरिशसमध्येही आहे. ज्याच्याजवळ लाखो होते तो सावरू शकला नाही. मग महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराचे काय? मुलांबरोबर सामना अवश्य पाहावा. मात्र चोप्राचे गोल सांगताना त्याची ही दुसरी गोष्टही सांगावी, असे आम्हाला वाटते.