बाजारपावती हाच पुरावा

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याला समुद्र नाही, म्हणून चक्रीवादळाच्या बातम्यांत सुरगाणा येत नाही. पण वलसाडचा किनारा इथून सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटर. नार आणि पार या नद्या इथल्याच डोंगरांत उगवून गुजरातेकडे उतरतात, आणि त्याच उतारावरून समुद्राचा वारा वर चढतो. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने वर सरकले आणि रात्री गुजरातेत उन्याजवळ किनाऱ्याला धडकले. त्या वाऱ्यात सुरगाणा-पेठच्या पट्ट्यात पाडाला आलेला आंबा जमिनीवर आला, घरांची कौले आणि पत्रे उडाले. आंबा आणि घर या दोन्ही गोष्टी सरकारी नमुन्यात बसतात, त्यामुळे त्यांच्या पंचनाम्याची भाषा लगेच सुरू होते. पडवीत मांडलेले किराणा दुकान, रस्त्याकडेची चहाची टपरी, पिठाची गिरणी, शिलाई मशीन यांना त्या भाषेत जागा नाही. ही जागा कायमची करून द्यावी, एवढेच या स्फुटाचे मागणे आहे.

मे महिन्यातले नुकसान इथल्या दुकानदाराला किती खोल जाते, हे समजायला इथला मे महिना समजावा लागतो. भात, नागली, वरई निघाली की तालुक्यातली कितीतरी घरे दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. उन्हाळ्यात ती परततात तेव्हा हातात थोडी मजुरी असते. पुढे पाऊस लागला की फरशी पुलांवरून पाणी जाते आणि कित्येक पाड्यांचा रस्ता तुटतो. त्यामुळे मीठ, तेल, गूळ, कांदा, सुकट, बोंबील, छपरावर टाकायचा प्लास्टिकचा कागद, बियाणे असे सगळे पावसाआधी घरात आलेले असावे लागते. दुकानदार हा माल नाशिक, कळवण किंवा पलीकडच्या, गुजरातेतल्या वांसद्याहून आणतो, आणि बराचसा उधारीवर आणतो. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा साठा आणि वर्षातले सर्वांत मोठे देणे, दोन्ही त्याच्या डोक्यावर नेमके त्या दिवसांत असतात, ज्या दिवसांत अरबी समुद्रातली मे-जूनची वादळे येतात. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला आले, तौक्ते मेच्या मध्यावर. दोन्ही वेळा कोरोनाच्या निर्बंधांनी बाजार आधीच मोडलेला होता.

भिजलेले मीठ आणि गूळ परत विकता येत नाही. गिरणीच्या मोटारीत पाणी गेले तर ती रिवाइंड करायला तालुक्याबाहेर न्यावी लागते. तोवर पाड्यातल्या बायांना दळण डोक्यावर घेऊन दुसरे गाव गाठावे लागते. उधारीची वही भिजली तर गावाकडून येणे किती, तेही गेले. आणि ही वही केवळ दुकानदाराची नाही. बँकेची शाखा दूर, कागदपत्रे अपुरी, अशा घरांना खरिपाचे चार महिने याच वहीवर निघतात. नागली निघाली की हिशेब होतो. दुकान बंद पडले की तो आधार पेरणीच्या तोंडावर तुटतो. म्हणून दुकानाची मदत ही व्यापाऱ्याची मदत आणि शेतीची मदत निराळी, अशी वाटणी करणाऱ्याने हा तालुका पाहिलेला नाही, असे आम्हाला वाटते.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रापुरता केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के. या निधीतून कशाला किती द्यायचे याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, पडलेल्या झोपडीला 8,000, दुभत्या म्हशीला 37,500, शेळीला 4,000 आणि कोंबडीला 100 रुपये असा दर लिहिलेला आहे. हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिराला हत्यारांसाठी 5,000 आणि कच्च्या मालासाठी 5,000 रुपये आहेत. किराणा दुकान, टपरी, गिरणी, पंक्चरचे दुकान यांच्यासाठी एकही ओळ नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चे बारावे कलम मात्र किमान मदतीत घरांच्या नुकसानीसोबत उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्याचा स्पष्ट उल्लेख करते. कायद्याने ज्याचे नाव घेतले, ते दरपत्रकात उतरले नाही.

राज्याने ही उणीव वेळोवेळी स्वतःच्या पैशाने भरली आहे, आणि त्याचे श्रेय राज्याला दिलेच पाहिजे. जुलै 2021 च्या महापुरात चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठा बुडाल्या, तेव्हा 3 ऑगस्टला मंत्रिमंडळाने 11,500 कोटींचे पॅकेज मंजूर केले. त्यात दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के, कमाल 50,000 रुपये, आणि टपरीधारकाला तसेच 75 टक्के, कमाल 10,000 रुपये होते. 7 ऑक्टोबर 2025 ला जाहीर झालेल्या 31,628 कोटींच्या पॅकेजातही दुकानदारांना 50,000 रुपयांपर्यंतची मदत होती. पण ही मदत प्रत्येक वेळी नव्या शासन निर्णयाने जन्माला येते. आपत्ती मोठी असावी लागते, शहर बुडालेले असावे लागते, व्यापारी संघटना मंत्रालयापर्यंत पोचावी लागते. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर वादळी वाऱ्याने चार टपऱ्या उलटल्या तर त्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक होत नाही. त्या चार कुटुंबांचे नुकसान मात्र चिपळूणच्या दुकानदाराइतकेच पूर्ण असते, कदाचित जास्तच, कारण त्यांच्याकडे विमाही नसतो आणि दुसरे दुकानही नसते.

समजा, शासन निर्णय सुरगाण्यालाही लागू झाला. मग अटी येतात. स्थानिक रहिवासी, रेशनकार्ड, मतदार यादीत नाव, इथपर्यंत ठीक. त्यापुढे टपरीधारक स्थानिक स्वराज्य संस्थेकडे नोंदलेला आणि परवानाधारक असावा, ही अट 2021 च्या निर्णयात होती. सगळी अडचण इथे आहे. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीतून मोकळे केले. नुसती सूचना दिली की पुरे. व्यवसाय सोपा व्हावा म्हणून केलेली ही चांगली सुधारणा. पण ज्या राज्याने छोट्या दुकानदाराला नोंदणीची गरज नाही असे सांगितले, त्याच राज्याने वादळानंतर त्याच्याकडे नोंदणीचा कागद मागणे अन्यायाचे आहे. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आणि त्याच्या आधारावरची पीएम स्वनिधी योजना ही मुळात शहरांसाठी. सुरगाणा नगरपंचायतीच्या हद्दीतल्या विक्रेत्याला तिचा दरवाजा उघडतो. तालुक्यातल्याच बोरगाव किंवा उंबरठाणच्या बाजारात बसणारीला नाही. शिवाय स्वनिधी हे कर्ज आहे, आणि ज्याचा माल कालच भिजला त्याला आधी कर्ज देणे म्हणजे जुन्या उधारीवर नवी उधारी चढवणे.

पुरावा नाही, असे म्हणणाऱ्यांनी बाजारच्या दिवशी बाजारात जावे. तिथे भाजी, सुकी मासळी, बांगड्या, तयार कपडे मांडून बसलेल्या प्रत्येकाकडून बाजार फी घेतली जाते. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नेच ग्रामपंचायतीला तो अधिकार दिला आहे. काही ठिकाणी वसुली ग्रामपंचायत स्वतः करते, काही ठिकाणी ठेका दिलेला असतो. दोन्हीकडे पावती फाडली जाते आणि तिची स्थळप्रत मागे राहते. वादळाच्या आधी, कुठल्याही मदतीची आशा नसताना, सरकारच्याच एका अंगाने लिहून ठेवलेला हा पुरावा आहे. पैसे घेताना जी संस्था या माणसाला विक्रेता म्हणून ओळखते, तिची ओळख मदत देताना का चालू नये?

आणि सुरगाण्याच्या बाबतीत तर याहून भक्कम आधार आहे. 1985 च्या आदेशानुसार पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यांना 1996 चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, लागू आहे, आणि त्या कायद्यात गावबाजाराचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभा व ग्रामपंचायतीच्या पातळीवर दिलेला आहे. महाराष्ट्राने 2014 मध्ये त्याचे नियमही केले. पेसाची चर्चा जमीन, गौण खनिज आणि वनोपज यांच्यापाशी थांबते. बाजाराचे कलम फारसे कोणी उघडत नाही. ते आता उघडावे. ग्रामसभेने वर्षातून एकदा, पावसाआधी, गावातली दुकाने, टपऱ्या, गिरण्या, शिलाईकाम करणाऱ्या बाया आणि बाजारात नेमाने बसणारे विक्रेते यांची यादी वाचून मंजूर करावी. बोरगाव-हातगडच्या रस्त्यावर सापुताऱ्याच्या पर्यटकांसाठी हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे मांडव लागतात, त्यांचीही नोंद हंगामी म्हणून घ्यावी. अवकाळी पाऊस त्यांनाही सोडत नाही. अशा यादीला परवान्याइतकीच किंमत असल्याचे शासनाने एका ओळीत लिहून द्यावे.

खोटी नावे घुसतील, हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून चालणार नाही. पण गावसभेत मोठ्याने वाचलेल्या यादीत खोटे दुकान घुसवणे हे कार्यालयात बसून खोटा परवाना मिळवण्यापेक्षा अवघड आहे, कारण कोण कुठे बसतो हे गावाला पाठ असते. स्थळप्रत आणि ग्रामसभेचा ठराव एकमेकांशी ताडता येतात. ठेकेदाराच्या पावत्या महिन्याच्या महिन्याला ग्रामपंचायतीत जमा झाल्या पाहिजेत, एवढी मात्र शिस्त हवी.

खर्चाचे म्हणाल, तर तालुक्यात अशी हजार दुकाने-टपऱ्या धरली आणि एकाच वादळात सगळी उद्ध्वस्त झाली असे मानले, तरी दर दुकान-टपरीला 10,000 रुपयांनी रक्कम एक कोटी होते. हजारो कोटींच्या पॅकेजांशेजारी ही रक्कम ठेवून पाहावी.

रकमेपेक्षा वेळ मोलाची आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुडरफ या अर्थशास्त्रज्ञांनी छोट्या व्यावसायिकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना 10,000 किंवा 20,000 श्रीलंकन रुपये दिले. त्या वेळच्या हिशेबाने सुमारे 100 किंवा 200 डॉलर. ज्या नुकसानग्रस्तांना हे पैसे मिळाले, त्यांचा नफा पूर्वीच्या पातळीवर इतर नुकसानग्रस्तांपेक्षा जवळजवळ दोन वर्षे आधी आला. किरकोळ विक्रीच्या दुकानांना याचा विशेष उपयोग झाला, कारण त्यांना अडवून धरणारी गोष्ट भांडवलाची होती. माल भरायला पैसे मिळाले की दुकान चालू. अमेरिकेत हरिकेननंतर व्यवसायांना संघराज्य सरकारचा मुख्य आधार स्वस्त, लांब मुदतीच्या कर्जाचा असतो. विमा आणि बँक दाराशी असलेल्या देशात ते चालून जाते. आपल्या डोंगरी तालुक्याला श्रीलंकेचा धडा जवळचा आहे.

त्या धड्याचा इथला अर्थ असा की, वादळानंतरचा पुढचा किंवा फार तर त्यापुढचा बाजार भरण्याआधी पहिला हप्ता हातात पडला पाहिजे. मेमध्ये वादळ आणि दिवाळीला मदत, यात पावसाळ्याची विक्री पूर्ण गेलेली असते. तोवर दुकानदार द्राक्षबागेत मजुरीला गेलेला असतो. म्हणून यादीत नाव असलेल्याला, दुकान उघड्या डोळ्यांना पडलेले दिसत असेल तर, 5,000 रुपये तहसीलदाराने आपल्या अधिकारात आठवड्याच्या आत द्यावेत. उरलेली रक्कम सविस्तर पंचनाम्यानंतर येऊ द्या. पंचनाम्याचे म्हणाल तर तो महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी या तीन खात्यांची माणसे मिळून करतात. पीक आणि घर पाहण्याची त्यांना सवय आहे, माल पाहण्याची नाही. नमुन्यात दुकानाचा वेगळा रकाना घातला आणि माल, साहित्य, यंत्र अशा तीन ओळी दिल्या तर ते काम या माणसांनाही जमेल. घराच्या पडवीतले दुकान केवळ घराच्या अंशतः पडझडीत मोजले जाणे त्याने थांबेल. मशीनवर शिवणारी बाई बचतगटाची सभासद असेल तर तिच्या गटाची नोंदही पुरावा म्हणून धरावी.

केंद्राचे निकष ठरावीक वर्षांसाठी लिहिले जातात आणि मुदत संपली की पुन्हा लिहिले जातात. कारागिराच्या ओळीखाली छोट्या दुकानदाराची आणि विक्रेत्याची ओळ यावी, यासाठी राज्याने आग्रह धरावा; जिल्ह्याच्या खासदार-आमदारांनी तो विषय लावून धरावा. पण सुरगाण्याने दिल्लीची वाट पाहायचे कारण नाही. दरवर्षी पावसाआधी तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. धोक्यातली गावे, औषधसाठा, रेशनचे आगाऊ धान्य यांची चर्चा होते. येत्या बैठकीत प्रत्येक ग्रामपंचायतीने बाजार फीच्या पावत्यांची स्थळप्रत आणि ग्रामसभेने मंजूर केलेली दुकानांची यादी सोबत आणावी, आणि तहसीलदारांनी ती सहीनिशी दाखल करून घ्यावी.